बदलीची ऑर्डर कोणाच्या हातात? पोलीस आणि शिक्षणातला राजकीय हस्तक्षेप, सोप्या भाषेत

आमच्या घरात मे महिना म्हणजे बदल्यांचा महिना. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, धाकटे काका पोलिसात हवालदार, आणि एप्रिल संपत आला की दोघांच्या फोनवर एकच विषय, यादी लागली का, नाव आहे का, कुठे टाकलंय. लहानपणी मला वाटायचं सरकारी नोकरी म्हटली की दर काही वर्षांनी सामान बांधायचंच, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे. ते घाबरणं कशाचं होतं हे कळायला मला कायदे वाचावे लागले. आणि म्हणूनच हे लिहितोय, कारण "पोलिसांवर राजकीय दबाव", "विद्यापीठात राजकीय हस्तक्षेप" हे शब्द रोज कानावर पडतात पण तो हस्तक्षेप नेमका होतो कसा, कुठल्या कलमातून होतो, थांबवायचा प्रयत्न कोणी केला आणि तो कुठे अडला हे कोणी नीट उलगडून सांगत नाही.

आधी काकांनी सांगितलेली गोष्ट सांगतो, कारण त्यात सगळं यंत्र दिसतं. काका एका तालुक्याच्या ठाण्यात असताना तिथे एक तरुण पीएसआय, म्हणजे फौजदार, आला होता, त्याने एका रात्री वाळूचे दोन ट्रक अडवले, कागद नव्हते म्हणून ठाण्यात आणून लावले. रात्रीच दोन-तीन फोन आले, त्याने ऐकलं नाही, गुन्हा दाखल केला. आठ दिवसांत तो जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला जमा. ऑर्डरमध्ये कारण काय तर "प्रशासकीय कारणास्तव". कोणी त्याला रागावलं नाही, चौकशी लावली नाही, पगार कापला नाही, फक्त उचलून दुसरीकडे ठेवला. पण त्यानंतर त्या ठाण्यात वर्षभर कोणी वाळूचा ट्रक अडवला नाही, आणि त्यासाठी कोणाला फोनही करावा लागला नाही. बदली एकाची झाली, समज चाळीस जणांना मिळाली. हे एवढं लक्षात ठेवा, पुढचा सगळा कायदा याच गोष्टीभोवती फिरतो.

आता मागे जाऊ. आपल्या पोलिसांचा मूळ कायदा १८६१ चा. १८५७ चा उठाव झाला, त्यानंतर इंग्रजांना असं पोलीस दल हवं होतं जे लोकांचं नाही तर सरकारचं ऐकेल, म्हणून आयर्लंडमधल्या पोलिसांच्या धर्तीवर ते बांधलं. त्या कायद्यात लिहिलं की पोलिसांची "देखरेख" प्रांत सरकारकडे राहील, पण देखरेख म्हणजे किती आणि कुठपर्यंत हे काही लिहिलं नाही, कारण राज्यकर्त्याला मर्यादा घालायचीच नव्हती. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला, तोच आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणून ओळखला जातो, त्यातही दलाची देखरेख राज्य सरकारकडेच. इंग्रज गेले, खुर्चीवर आपली माणसं आली, पण खुर्चीखालची दोरी तीच राहिली.

ती दोरी किती घट्ट ओढता येते हे देशाने आणीबाणीत पाहिलं. वरून सांगितलं म्हणून लोकांना उचललं, कागद नंतर बनवले. त्यानंतर १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला, अध्यक्ष धर्मवीर, आणि या आयोगाने १९७९ ते १९८१ या काळात एकूण आठ अहवाल दिले. दुसऱ्या अहवालात त्यांनी अगदी रोखठोक सांगितलंय की पोलिसाला आपल्या मर्जीप्रमाणे वाकवायचं पुढाऱ्याच्या हातातलं सगळ्यात जबर हत्यार म्हणजे बदलीची आणि निलंबनाची धमकी. म्हणजे काकांच्या ठाण्यात जे झालं ते आयोगाने कितीतरी वर्षं आधी लिहून ठेवलं होतं. अहवाल कपाटात गेले. सरकारं येत गेली जात गेली, कोणत्याच पक्षाला ते कपाट उघडावंसं वाटलं नाही.

मग १९९६ मध्ये प्रकाश सिंह नावाचे निवृत्त आयपीएस अधिकारी, जे उत्तर प्रदेश आणि आसामचे पोलीस महासंचालक आणि बीएसएफचे प्रमुख राहिले होते, ते सुप्रीम कोर्टात गेले. दहा वर्षं केस चालली आणि २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला. पोलीस सुधारणा म्हटलं की जो निकाल सगळे सांगतात तो हाच. कोर्टाने सात निर्देश दिले, सगळे इथे मोजत बसत नाही, पण जे आपल्या विषयाला लागतात ते नीट समजून घ्या.

पहिलं म्हणजे मुदत. राज्याचा डीजीपी, म्हणजे पोलीस महासंचालक, एकदा नेमला की किमान दोन वर्षं हलवायचा नाही, आणि नेमताना यूपीएससीने ज्येष्ठ अधिकाऱ्यांमधून जी तीन नावं काढून दिली असतील त्यातूनच सरकारने एक निवडायचा. तशीच दोन वर्षांची मुदत जिल्ह्याच्या एसपीला आणि पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही. दुसरं म्हणजे बदल्यांचं मंडळ, ज्याला पोलीस आस्थापना मंडळ म्हणतात, त्यात डीजीपी आणि चार वरिष्ठ पोलीस अधिकारी, आणि डीवायएसपीपर्यंतच्या, म्हणजे उपअधीक्षकापर्यंतच्या, बदल्या हेच ठरवणार, सरकारने ढवळाढवळ करायची तर अपवाद म्हणून, आणि कारण लेखी देऊन. तिसरं, राज्य सुरक्षा आयोग, ज्यात विरोधी पक्षनेताही असेल आणि बाहेरची माणसंही असतील, म्हणजे ती जुनी "देखरेख" कुठपर्यंत हे ठरवणारी एक भिंत. चौथं, पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणारं स्वतंत्र प्राधिकरण. शिवाय तपास करणारे आणि बंदोबस्त करणारे वेगळे करा असंही सांगितलं, ते फार महत्त्वाचं आहे, गणपती-निवडणूक-दौरा यात अडकलेला माणूस खुनाचा तपास काय करणार, पण त्यावर वेगळाच लेख लागेल.

इथे लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात, की अहो आपण सरकार निवडून देतो ना, मग पोलीस सरकारचं ऐकणार नाहीत तर कोणाचं ऐकणार? वर्दीवाल्यांचं राज्य आणायचंय का? हा प्रश्न मला खूप मोलाचा वाटतो, कारण पोलीस कोणालाच उत्तर देत नसतील तर ते पुढाऱ्याच्या पोलिसांपेक्षा वाईट. यातला फरक असा बघा. "राज्यात महिलांवरच्या गुन्ह्यांचा तपास लवकर व्हायला हवा, त्यासाठी जास्त महिला अधिकारी नेमा, पैसा देतो" हे गृहमंत्र्याने सांगणं म्हणजे धोरण, आणि ते त्यांचं कामच आहे, त्यासाठीच आपण मत देतो. पण "अमक्या गावातल्या तमक्या केसमध्ये त्या पोराचं नाव घेऊ नका" हे धोरण नाही. धोरण सगळ्यांना सारखं लागू होतं, विधानसभेत त्यावर प्रश्न विचारता येतो, फोनवरचा निरोप एकालाच लागू होतो आणि त्याचा कागद कुठेच नसतो. सुधारणा म्हणजे पहिल्याला मोकळं ठेवायचं आणि दुसऱ्याला अडवायचं. आणि पोलिसांनी माज केला तर त्यासाठी ते तक्रार प्राधिकरण. म्हणजे सातही निर्देश एकमेकांना धरून आहेत, त्यातला सोयीचा एक उचलून चालत नाही.

आणि नेमकं तेच झालं. राज्यांनी काय केलं हे बघायला सुप्रीम कोर्टाने न्यायमूर्ती के. टी. थॉमस यांची समिती नेमली होती, तिने २०१० मध्ये कळवलं की राज्यं या निकालाबद्दल पूर्ण उदासीन आहेत. काही राज्यांनी हुशारी केली, घाईने स्वतःचा कायदा केला म्हणजे कोर्टाचे निर्देश लागू होत नाहीत असं म्हणता येतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये आधी अध्यादेश काढला आणि मग पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. वरवर वाचलं तर सगळं आहे त्यात, सुरक्षा आयोग आहे, आस्थापना मंडळं आहेत, तक्रार प्राधिकरण आहे, मुदत तर अगदी तपशीलवार लिहिलीय, शिपाई-हवालदाराला एका जागी पाच वर्षं, पीएसआय ते पीआय यांना ठाण्यात दोन वर्षं आणि जिल्ह्यात चार वर्षं, वरच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षं.

पण त्याच कलमाच्या, म्हणजे कलम २२-एनच्या, पोटात दुसरं उपकलम बसलंय. त्यात म्हटलंय की अपवादात्मक परिस्थितीत, जनहितासाठी आणि प्रशासकीय निकड असेल तर सक्षम प्राधिकारी मुदत संपायच्या आधीही बदली करू शकतो. सक्षम प्राधिकारी कोण, तर आयपीएससाठी मुख्यमंत्री, डीवायएसपी आणि वरच्या राज्य पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांसाठी गृहमंत्री. त्याखाली आणखी एक परंतुक, की गंभीर तक्रार, अनियमितता किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न असेल तर सर्वोच्च प्राधिकारी मंडळाच्या शिफारशीशिवाय कोणत्याही पोलिसाची बदली करू शकतो. कोणत्याही. म्हणजे ज्या फोनला अडवायला दार बसवलं त्याच दाराला आतून खिडकी ठेवली. वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठीचं जे आस्थापना मंडळ आहे त्याच्या अध्यक्षपदी गृहखात्याचे अतिरिक्त मुख्य सचिव आहेत, डीजीपी उपाध्यक्ष. कोर्टाने सांगितलं होतं पोलीस अधिकाऱ्यांचं मंडळ, आणि मंत्रालयाने आपली खुर्ची मधोमध मांडली.

"जनहित" आणि "प्रशासकीय निकड" हे दोन शब्द इतके मोठे आहेत की त्यात वाळूचा ट्रकही सहज मावतो. म्हणून मुदतपूर्व बदली झालेले अधिकारी मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातात, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की अपवादात्मक परिस्थिती कोणती होती ते कागदावर दाखवा. दाखवता आली नाही म्हणून ऑर्डरी रद्दही झाल्यात. पण विचार करा, किती हवालदार आणि पीएसआय वकील लावून मॅटमध्ये जाणार? काका म्हणाले होते, "केस जिंकलो तरी नोकरी त्याच साहेबांच्या हाताखाली करायचीय ना." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डीजीपीचंही तसंच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने परत बजावलं की "प्रभारी" डीजीपी नावाची गोष्टच करू नका, कारण प्रभारी म्हणजे ज्याला उद्या काढता येईल असा माणूस. तरी आपल्याकडे २०२१ ते फेब्रुवारी २०२२ असं वर्षभर डीजीपीपद प्रभारींवर चाललं, आणि मुंबई हायकोर्टात याचिका झाल्यावर पूर्णवेळ नेमणूक झाली. हे एका सरकारचं पाप म्हणून सोडून देऊ नका, उत्तर प्रदेशाने २०२४ मध्ये यूपीएससीला बाजूला ठेवून डीजीपी निवडायचे स्वतःचे नियम केले, तिथे पक्ष वेगळा आहे.

२०२१ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात जे घडलं ते सगळ्यांना आठवत असेल. मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त परमबीर सिंग यांची बदली झाली, तीन दिवसांनी त्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून गृहमंत्री अनिल देशमुखांवर वसुलीचे आरोप केले, देशमुखांनी ते नाकारले, हायकोर्टाने सीबीआयला प्राथमिक चौकशी सांगितल्यावर त्यांनी राजीनामा दिला. त्याच दिवसांत पोलीस बदल्यांमध्ये दलाली चालते असा आरोप करणारा एक गोपनीय अहवालही गाजला. कोण खरं कोण खोटं हे मी इथे ठरवत नाही, तो कोर्टाचा विषय. मला त्यातली एकच गोष्ट दाखवायचीय, की एवढे गंभीर आरोप बाहेर आले ते बदलीनंतर. मुंबईच्या आयुक्तापासून तालुक्याच्या पीएसआयपर्यंत सगळ्यांच्या तोंडाची किल्ली त्या एका ऑर्डरमध्ये आहे.

आता शिक्षणाकडे येऊ, कारण लोकांना वाटतं हा वेगळा विषय आहे, आणि मला तो अजिबात वेगळा वाटत नाही. ठाण्यात प्रभारी अधिकारी तसा विद्यापीठात कुलगुरू. जो त्याला आणतो आणि जो त्याला घालवू शकतो, त्याचा फोन कुलगुरू उचलतो.

आपल्याकडे हा रोग जुना आहे. १९८६ मध्ये एमडीच्या परीक्षेत मुख्यमंत्र्यांच्या मुलीचे गुण वाढवल्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं, कोर्टाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रीपद सोडावं लागलं. त्याच्या थोडं आधी, १९८३ मध्ये, वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनियरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यातून खेड्यापाड्यातली हजारो पोरं इंजिनियर झाली हे खरं आहे आणि ते विसरू नये, पण त्यातूनच "शिक्षणसम्राट" हा शब्दही आला. आमदारही तेच, संस्थेचे अध्यक्षही तेच, आणि फी किती घ्यावी यावर कायदा करायला विधानसभेत बसणारेही तेच. मग हस्तक्षेप तरी कोणाचा कोणात म्हणायचा?

विद्यापीठांचं सध्याचं भांडण समजून घ्यायला तीन गोष्टी माहीत हव्यात. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत गेलं, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. दुसरं, राज्यपाल हे कुलपती असतात ते घटनेमुळे नाही तर राज्याच्या विद्यापीठ कायद्यामुळे, आपल्याकडे २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा. तिसरं, कुलगुरू निवडायची रीत अशी की शोध समिती पाच नावं देते आणि कुलपती त्यातून एक निवडतात. राज्यपाल केंद्राने नेमलेले, मंत्री राज्याचे, आणि दोघांचे पक्ष वेगळे असले की कुलगुरूची खुर्ची म्हणजे रस्सीखेच.

डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने विधेयक मंजूर केलं की शोध समितीची पाच नावं आधी राज्य सरकारकडे येतील, सरकार त्यातली दोन राज्यपालांना पाठवेल, त्यांनी तीस दिवसांत एक निवडायचं, आणि उच्च शिक्षणमंत्री हे प्र-कुलपती होतील. भाजपने कडाडून विरोध केला, राज्यपालांनी सही केली नाही, २०२२ मध्ये सरकार बदललं आणि नव्या सरकारने ते विधेयक मागे घेतलं. एका बाजूचं म्हणणं, मंत्री आला की विद्यापीठाचा आखाडा होईल. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, राज्याच्या तिजोरीतून पगार जातात मग निवडून आलेल्या सरकारला काहीच अधिकार नको का, राज्यपाल काय राजकारणाबाहेरचे आहेत? मला विचाराल तर दोघांचीही दुसऱ्याबद्दलची शंका बरोबर होती. आणि त्या सगळ्या चर्चेत प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा, तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबणारे नेट-सेट झालेले लोक, उशिरा लागणारे निकाल, हे कुठेच नव्हतं. चर्चा एवढीच होती की ऑर्डर कोणाच्या सहीने निघणार.

कोर्ट यातही पडलं. २०२२ मध्ये गुजरातच्या सरदार पटेल विद्यापीठाचे आणि केरळच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे कुलगुरू सुप्रीम कोर्टाने पदावरून घालवले, कारण नेमणूक यूजीसीच्या, म्हणजे केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमांप्रमाणे झाली नव्हती, आणि राज्याचा कायदा आणि यूजीसीचा नियम भिडले तर यूजीसीचा नियम वरचढ असं सांगितलं. बघा, तेव्हा एक राज्य भाजपचं होतं, एक डाव्यांचं. मग जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा आणला त्यात शोध समिती नेमायचा अधिकारच कुलपतींकडे, त्यावर तामिळनाडू, केरळ, कर्नाटक असं करत बऱ्याच राज्यांनी आरडाओरड केली. थोडक्यात रस्सी तीच, फक्त एका टोकाला मंत्रालय आणि दुसऱ्या टोकाला दिल्ली.

कुलगुरूला हात लावू नका असं मी म्हणत नाही हां. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने घाईघाईने उत्तरपत्रिका ऑनलाइन तपासायचं ठरवलं, लाखो उत्तरपत्रिकांचा घोळ झाला, निकाल महिनोन्महिने रखडले, पोरांचे बाहेरचे प्रवेश हुकले, आणि शेवटी कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून काढलं. ते योग्यच होतं, कारण तिथे कारण सगळ्यांना दिसत होतं आणि कागदावर होतं.

सिनेटचं मात्र वाईट वाटतं. सिनेट म्हणजे विद्यापीठाची विधानसभाच म्हणा, त्यात पदवीधरांनी निवडून दिलेले दहा जण असतात. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक ऑगस्ट २०२३ मध्ये जाहीर झाली आणि लगेच स्थगित झाली, मग वर्षभर रखडली, सप्टेंबर २०२४ मध्ये मतदानाच्या तोंडावर परत थांबवली, हायकोर्टात जावं लागलं तेव्हा कुठे २४ सप्टेंबरला मतदान झालं. कोण जिंकलं ते बाजूला ठेवा, पण जिथे लोकांना प्रश्न विचारायची एकमेव जागा आहे तिथली निवडणूकच पुढे ढकलत राहिलं तर मग बाकी सगळं बंद दाराआड होणार.

आता आईची गोष्ट, कारण यात एक चांगली बातमीही आहे. खूप वर्षांपूर्वी एका पुढाऱ्याच्या सत्काराला शाळेची मुलं उन्हात उभी करायला आईने नकार दिला होता. त्या मे महिन्यात तिची बदली जिथे एसटी दिवसातून एकदा जाते अशा गावी झाली. मी तेव्हा सहावीत होतो, पुढची तीन वर्षं मला शाळेत जाताना डबा आजीने दिला. तेव्हा झेडपी शिक्षकांच्या बदल्या म्हणजे सभागृहात समुपदेशन, पण सोयीच्या शाळा आधीच कोणाच्या तरी शिफारसपत्रावर गेलेल्या, फळ्यावर दिसायच्याच नाहीत.

२७ फेब्रुवारी २०१७ ला ग्रामविकास खात्याने जीआर काढला आणि बदल्या ऑनलाइन केल्या. गावांची विभागणी अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र अशी, अवघड क्षेत्रात तीन वर्षं काढली की बदलीचा हक्क, आजारी आणि दिव्यांग शिक्षकांसाठी संवर्ग एक, पती-पत्नी एकत्र आणायला संवर्ग दोन, आणि मग शाळांचे पसंतीक्रम भरायचे, बाकी सॉफ्टवेअर बघणार. पहिल्या वर्षी प्रचंड गोंधळ झाला, रँडम राउंडमध्ये लोक कुठच्या कुठे फेकले गेले, कोणाला "खो" बसला, म्हणजे हक्क असलेल्या दुसऱ्याने त्याची शाळा मागितली म्हणून त्याला उठावं लागलं, म्हणून रडारड झाली, खोट्या दाखल्यांच्या तक्रारी आल्या, मोर्चे बाजूनेही निघाले आणि विरोधातही. पण ज्या दिवशी यादी लागली त्या दिवशी पहिल्यांदा आईला तिच्यापुढे कोण आहे आणि का आहे हे वाचता आलं. चूक असली तर बोट ठेवायला ओळ होती. पुढाऱ्याच्या पीएला फोन करून उपयोग नव्हता कारण पीएकडे बटणच नव्हतं.

मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं. इथे कोणाचं मन बदललं नाही, पुढारी एका रात्रीत सज्जन झाले नाहीत, फक्त मर्जीची जागा नियमाने घेतली आणि नियम सगळ्यांना दिसेल असा ठेवला. भरतीतही तसाच प्रयत्न झाला, खाजगी अनुदानित संस्थांमध्ये शिक्षक लागायचा तर किती लाख द्यावे लागतात हे गावात सगळ्यांना तोंडपाठ असायचं, म्हणून २०१७ पासून पवित्र पोर्टल आलं. पण पोर्टल म्हणजे जादू नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये पुणे सायबर पोलिसांनी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, घोटाळा बाहेर काढला, ज्या परीक्षा परिषदेने परीक्षा घ्यायची तिच्याच आयुक्तांना अटक झाली, नंतर सात हजारांपेक्षा जास्त उमेदवारांवर कारवाई झाली. मग २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण, शालार्थ म्हणजे शिक्षकांचा पगार निघतो ती ऑनलाइन व्यवस्था. म्हणजे समोरचं दार बंद केलं की पैसा मागच्या दाराने यायला बघतो.

आणि इथे दोन्ही विषय एकमेकांत मिसळतात. टीईटीचा तपास करणारे पोलीसच होते. तो तपास करणारा अधिकारी जर "जनहितार्थ" मध्येच हलवला असता तर ते सात हजार जण कदाचित उघडकीलाच आले नसते. उलटंही होतं. बदलापूरमध्ये ऑगस्ट २०२४ ला शाळेतल्या दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं समोर आलं तेव्हा आईवडिलांना गुन्हा दाखल व्हायला तासन् तास ठाण्यात बसवून ठेवलं गेलं, लोक रेल्वे रुळांवर उतरले तेव्हा यंत्रणा हलली, पोलिसांचं निलंबन झालं, हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली. शाळा आणि ठाणं, सामान्य माणसाला सरकार भेटतं ते याच दोन ठिकाणी, आणि दोन्ही ठिकाणी आपल्यासमोर बसलेला माणूस मनातल्या मनात वरचा काय म्हणेल याचा हिशोब करत असेल तर आपण कोणाकडे जायचं?

काही गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या माहीत असू द्या. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ मध्येच सांगितलंय. जुलै २०२४ पासून जो नवा कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो एफआयआर घ्यावा लागतो, प्रत फुकट द्यावी लागते, ठाण्यात घेतला नाही तर लेखी एसपीकडे आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, त्याचे अध्यक्ष निवृत्त हायकोर्ट न्यायाधीश असतात, खूप कमी लोकांना ते असल्याचंच माहीत आहे. शाळेच्या बाबतीत शिक्षण हक्क कायद्याने व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्यात आणि निम्म्या महिला हव्यात, त्या समितीच्या सभेला जा, रजिस्टरवर सही करून परत येऊ नका. त्याच कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला शिक्षणाबाहेरचं काम लावता येत नाही, म्हणजे पुढाऱ्याच्या सत्काराला तर नाहीच नाही, आईला तेव्हा असं कलम हाताशी असतं तर. पदवी झाली असेल तर सिनेटसाठी मतदार नोंदणी स्वतः करावी लागते, आपोआप होत नाही, आणि नोंदणी फार थोडे करतात म्हणून ज्यांच्याकडे अर्ज भरून घेणारी माणसं आहेत तेच सिनेट चालवतात.

आणि एक साधा अर्ज. आपल्या जिल्ह्याच्या एसपी ऑफिसला माहिती अधिकारात विचारायचं, मागच्या तीन वर्षांत कलम २२-एन (२) खाली किती मुदतपूर्व बदल्या झाल्या, आणि प्रत्येक ऑर्डरमध्ये अपवादात्मक कारण म्हणून काय लिहिलंय ते नावं झाकून द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. काका यंदा निवृत्त झालेत, आमच्या जिल्ह्याचा अर्ज त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून काढलाय, सोमवारी टाकायला मी जातोय.